हंगेरीचा गुयाश घरच्या पातेल्यात

आपल्याकडे हॉटेलात गुलाश मागवला की बहुतेक वेळा मैद्याने दाट केलेली ग्रेव्ही आणि तिच्यावर क्रीमची रेघ ओढलेलं मटण किंवा चिकन समोर येतं. हंगेरीत तोच पदार्थ मागा, टेबलावर खोल वाडगा येईल. त्यात लालभडक पातळ रस्सा, वर केशरी तवंग, आत मऊ शिजलेलं मांस, बटाटा, गाजर आणि नखाएवढे पिठाचे तुकडे. बाजूला पांढऱ्या पावाच्या जाड कापा. त्याला तिथे सूप म्हणतात, पण दुपारी एक वाडगा खाल्ला की संध्याकाळपर्यंत दुसरं काही लागत नाही.

नावापासूनच सुरुवात करू. हंगेरियन भाषेत त्याचा उच्चार ‘गुयाश’. ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप आणि ‘गुयाश’ म्हणजे तो राखणारा माणूस. गुयाश आणि गुराखी या शब्दांचं आपसांत काही नातं नाही, पण मराठी माणसाला नाव लक्षात ठेवायला ते फार सोयीचं आहे. पदार्थाचं पूर्ण नाव ‘गुयाशलेवेश’, म्हणजे गुराख्याचं सूप. जर्मन लोकांनी ते आपल्या पद्धतीने उच्चारलं आणि गुलाश हे रूप जगभर गेलं.

हंगेरीच्या पूर्वेला आल्फल्ड नावाचं अफाट सपाट मैदान आहे. लांब शिंगांची करडी गुरं तिथे चरायची आणि गुराखी त्यांना हाकत पायी थेट व्हिएन्ना, न्यूरेंबर्गच्या बाजारापर्यंत न्यायचे. वाटेत तीन काठ्यांच्या तिवईवर ‘बोग्राच’ नावाची लोखंडी कढई टांगायची, खाली जाळ करायचा, चरबीत कांदा परतायचा आणि त्यात मांस शिजवायचं. त्या मूळ पदार्थात पॅप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, नव्हती. मिरची हे अमेरिकेतलं पीक. गोव्यात ते पोर्तुगिजांबरोबर आलं आणि हंगेरीत तुर्कांबरोबर, दोन्ही सोळाव्या शतकातच. तिथे लोक तिला बराच काळ ‘तुर्की मिरी’ म्हणत. सरदार-जमीनदारांच्या ताटात हा गुराख्यांचा पदार्थ पोहोचला तो अठराव्या शतकाच्या शेवटी. हाब्सबुर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये हंगेरीच्या कारभारावर जर्मन भाषा लादली, तेव्हा आपलं म्हणून जे जे होतं ते जपायची ओढ तिथे लागली. भाषा, पोशाख आणि त्यांच्या जोडीला गुयाशही.

मी दोन वर्षं सेगेदला राहिले. हे दक्षिण हंगेरीतलं पॅप्रिकाचं गाव. शेजारच्या आजींना सगळे ‘नेनी’ म्हणत. वयाने मोठ्या बाईला तिथे तसंच म्हणतात, आपल्या काकूसारखं. गुयाश मी त्यांच्याकडे शिकले. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट मी अजून पाळते: या भांड्यात काय घालायचं नाही हे आधी शिकून घे. आपला हात सवयीने आलं-लसूण पेस्टकडे, गरम मसाल्याकडे, धण्याच्या पुडीकडे जातो. तो आवरायचा. गुयाशची सगळी चव कांदा, पॅप्रिका, मांसाचा स्वतःचा रस आणि वेळ या चौघांतून येते.

काय काय लागेल

हे प्रमाण चार जणांच्या पोटभर जेवणाचं आहे.

- मांस ७५० ग्रॅम, सुमारे एक इंचाचे तुकडे
- कांदे ४०० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे चार
- पॅप्रिका ३ मोठे चमचे (पोह्यांचा चमचा, सपाट भरून)
- सूर्यफुलाचं तेल किंवा डुकराची चरबी ३ मोठे चमचे
- लसूण ३ पाकळ्या
- शहाजिरं १ छोटा चमचा
- भावनगरी मिरच्या २ किंवा ढोबळी मिरची १
- टोमॅटो १, लहान
- गाजरं २, नवलकोल १, बटाटे ४०० ग्रॅम
- सेलेरीची एक काडी पानांसकट, पार्सलीच्या थोड्या काड्या
- मीठ, गरम पाणी सुमारे दीड लिटर
- पिठाच्या तुकड्यांसाठी १ अंडं आणि साधारण १०० ग्रॅम मैदा

यातल्या काही गोष्टींबद्दल सविस्तर सांगते, कारण गुयाश बिघडतो तो बहुतेक वेळा खरेदीतच.

पॅप्रिका

पॅप्रिका म्हणजे वाळवलेल्या, कमी तिखट लाल मिरचीची पूड. सेगेद आणि कालोचा ही तिची दोन मोठी गावं. सप्टेंबरात तिथल्या घरांच्या भिंतींवर मिरच्यांच्या माळा लटकतात, आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या पसरतात तशा. सेगेदच्या विद्यापीठात काम करणाऱ्या आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी याच मिरच्यांतून ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तिखटपणा मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. १८५९ मध्ये सेगेदच्या पाल्फी बंधूंनी या शिरा आणि बिया काढून टाकणारं यंत्र बनवलं. तेव्हापासून गोडसर पॅप्रिका मुबलक मिळायला लागली. हे महत्त्वाचं अशासाठी, की ज्या पुडीने तोंड पोळत नाही ती चमच्या-चमच्याने घालता येते, आणि इतकी घातली की ती तिखट न राहता भाजीसारखी चव देते आणि रस्सा अंगाने भरतो. तीन मोठे चमचे वाचून बिचकू नका. कमी घातली तर गुयाशचं नुसतं लाल पाणी होतं.

हंगेरियन पाकीट मिळालं तर त्यावर ‘एदेशनेमेश’ किंवा ‘चेमेगे’ लिहिलेलं घ्या, ती गोड आणि सौम्य. ‘एरोश’ किंवा ‘चीपोश’ म्हणजे तिखट, ती चिमूटभर पुरे. ‘स्मोक्ड’ लिहिलेली पॅप्रिका मात्र स्पेनची, धुरावर वाळवलेली. ती आणू नका, सगळ्या भांड्याला धुराचा वास धरतो आणि चव दुसरीकडेच जाते. पाकीट उघडून वास घ्या. ताज्या पॅप्रिकाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास असतो. वास येत नसेल किंवा रंग विटकरी झाला असेल तर ती जुनी आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात किंवा फ्रिजमध्ये ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा.

पॅप्रिका मिळालीच नाही तर बेडगी मिरची वापरा. रंगाला भरपूर आणि तिखटाला कमी म्हणून ती आपल्या घरात असतेच. पाल्फी बंधूंच्या यंत्राचं काम आपण हाताने करायचं: मिरची उभी चिरा, बिया झटका आणि आतल्या शिरा बोटाने किंवा सुरीच्या टोकाने खरवडून काढा. तवा कोमट करून त्यावर मिरच्या मिनिटभर फिरवा, फक्त कुरकुरीत होण्यापुरत्या. मग अगदी बारीक दळा आणि चाळून घ्या. ही पूड दोन मोठे चमचे घ्या. पॅप्रिकाचा गोडवा तिच्यात कमी असतो, म्हणून अर्धी लाल ढोबळी मिरची अगदी बारीक चिरून कांद्याबरोबर परता. तयार काश्मिरी मिरची पूड वापरायची असेल तर आधी एक चमचाच घाला. पुडीपुडीच्या तिखटपणात खूप फरक असतो. शिरा काढलेल्या बेडगीची चव पॅप्रिकाच्या बरीच जवळ जाते. लवंगी किंवा संकेश्वरी मात्र इथे नकोच.

मांस

हंगेरीत गुयाशला बहुतेक वेळा बीफच, आणि तेही पायाच्या पोटरीचं किंवा मानेचं. सतत हालचाल असलेल्या या भागांत चिवट स्नायुबंध खूप असतात. मंद आचेवर दोन-अडीच तासांत ते विरघळून जिलेटीन होतात आणि मैदा न घालताही रस्सा ओठांना किंचित चिकटतो. मऊ, महागडा, चरबी नसलेला भाग घेतला तर तो शिजून कोरडा पडतो. गोव्यात किंवा परदेशात असाल तर खाटकाकडे पोटरीचंच मागा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे इथे बोकडाचं मटण घ्यावं. त्यात तडजोड केल्यासारखं वाटायला नको. आल्फल्डमधल्या कार्त्साग गावात मेंढीच्या मांसाचा रस्सा कढईत शिजवतात आणि तो सगळ्या देशात नावाजलेला आहे. खाटकाला खांद्याचं आणि मानेचं मागा, आणि दोन-तीन नळ्या त्याच भावात टाकायला सांगा. बोनलेस अजिबात नको. तुकडे एक इंचाहून लहान करू नका, शिजल्यावर ते आक्रसतात. मटणाला दही, हळद, लिंबू काही लावून ठेवायचं नाही.

शहाजिरं, चरबी आणि भाज्या

हंगेरियन कृतींत ‘कॅरवे’ असतं. आपल्याकडे दुकानात शहाजिरं म्हणून मिळतं ते त्याच्या सगळ्यांत जवळचं. रोजच्या जिऱ्याने काम भागवू नका. जिरं पडलं की पहिल्याच घासाला आमटीची आठवण येते. तमालपत्राचंही तसंच. आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो आणि युरोपातलं पान वेगळ्या झाडाचं, म्हणून ते सोडूनच द्या.

चरबी डुकराची असेल तर उत्तम, जुनी पद्धत तीच. नाहीतर सूर्यफुलाचं तेल. तिथल्या घरांतही आज तेच असतं. शेंगदाण्याचं तेल आणि तूप यांना स्वतःचा वास असतो, ते टाळा.

हंगेरीतली मिरची फिकट पिवळसर-हिरवी, जाड सालीची आणि बिनतिखट असते. भज्यांसाठी आणतो ती भावनगरी तिची बहीणच वाटते. पार्सलीचं मूळ तिथे हमखास घालतात, ते आपल्याकडे मिळणं अवघड. त्याऐवजी मी नवलकोल घालते. ही माझी पळवाट नव्हे, हंगेरीत अनेक घरांत गुयाशमध्ये नवलकोल पडतोच.

कांदा परतणं

कांदा अगदी बारीक चिरा. मिक्सरमधून काढू नका, पाणी सुटतं आणि तो परतण्याऐवजी उकडतो. सेगेदजवळ माको नावाचं गाव कांद्यासाठी ओळखलं जातं, आपल्या लासलगावासारखं. तिथल्या बायका कांदा चिरण्यात किती वेळ घालवतात ते मी पाहिलं आहे. दोन तासांनी हा कांदा भांड्यात दिसताच कामा नये. तो विरघळून रश्शाचं अंग व्हायला हवा. म्हणून प्रमाण कमी करू नका. मांसाच्या साधारण निम्म्या वजनाचा कांदा, हे धरून चाला.

जाड बुडाचं पातेलं घ्या, बिडाचं असेल तर फारच छान. तेल मध्यम तापवा, कांदा आणि पाव चमचा मीठ घाला, आच मंद करा. पंधरा ते वीस मिनिटं लागतील. हंगेरियन कृतींत इथे ‘काचेसारखा होईपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. कांदा मऊ, चकचकीत, आरपार दिसणारा व्हायला हवा. कडा सोनेरी झाल्या तरी चालेल. पण आपण मटणाच्या रश्शासाठी करतो तसा तांबूस-खरपूस करायचा नाही. खरपूस कांद्याचा वास पॅप्रिकाला झाकून टाकतो. मधे कांदा तळाला लागतोय असं वाटलं तर चमचाभर पाणी शिंपडा.

ठेचलेला लसूण आणि खलबत्त्यात जरा भरडलेलं शहाजिरं शेवटच्या मिनिटात घाला. वास सुटला की पुढची पायरी.

पॅप्रिका घालण्याचं अर्धं मिनिट

गॅस बंद करा. पातेलं उचलून बाजूला ठेवा. दहा अंक मोजा. मग सगळी पॅप्रिका एकदम घाला आणि लाकडी उलथन्याने भराभर ढवळा. पंधरा-वीस सेकंदांत कांदा गडद लाल होईल. लगेच अर्धी वाटी पाणी घाला. मगच पातेलं परत आचेवर.

हे इतकं मोजून-मापून सांगते आहे, कारण सगळा गुयाश याच अर्ध्या मिनिटावर उभा आहे. पॅप्रिकात साखर बरीच असते आणि तापलेल्या तेलात ती बघता बघता करपते. करपली की रंग चॉकलेटी होतो आणि कडू चव शेवटपर्यंत भांड्यात राहते. साखर, टोमॅटो, क्रीम, कशानेही ती जात नाही. पहिल्यांदा केला तेव्हा माझी पॅप्रिका करपली होती आणि मी तशीच पुढे गेले. तीन तासांनी सगळं पातेलं टाकून द्यावं लागलं. पुण्यासारखं मटण तिथे स्वस्त नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं. तुमचं तसं झालं तर मांस घालायच्या आधीच थांबा, कांदा फेकून द्या, नव्याने सुरू करा. जाईल तो फक्त कांदा.

मग पॅप्रिका सरळ पाण्यातच का घालू नये? कारण तिचा रंग आणि वास तेलात विरघळतात, पाण्यात नाही. कोमट तेलात ती क्षणभर फुलली पाहिजे. केशरी तवंग येतो तो यातूनच.

मांस शिजवणं

आता मांस घाला, दीड चमचा मीठ घाला, हलवून प्रत्येक तुकड्याला लाल कांदा लागू द्या. आच मध्यम ठेवा. मांस आधी तेलात खरपूस परतून घ्यायची पद्धत फ्रेंच स्वयंपाकातली. जुन्या पद्धतीच्या गुयाशमध्ये ते ओल्या कांद्यातच पडतं आणि हळूहळू स्वतःचा रस सोडतं.

झाकण ठेवून आच मंद करा आणि आत पाणी ओतू नका. पंधरा मिनिटांनी बघा, रस सुटलेला असेल. तो आटत आला की अर्धी वाटी गरम पाणी घाला, पुन्हा झाकण. पुन्हा आटला की पुन्हा अर्धी वाटी. असं तीन-चार वेळा. दर वेळी रस आटून कडेला लाल तेल दिसू द्यायचं, मगच पाणी. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण ‘तेल सुटेपर्यंत’ म्हणतो, हंगेरियन लोक ‘चरबीवर येईपर्यंत’ म्हणतात. दोन्हीकडे पाहायची खूण एकच. या वारंवार आटण्यातून कांदा विरघळतो आणि रस गडद होतो. दीड लिटर पाणी सुरुवातीलाच ओतलं तर मांस शिजेल, पण चव उकडलेल्या मटणाची येईल.

मटण असेल तर या टप्प्याला साधारण एक तास द्या, बीफ असेल तर दीड. पहिली दहा मिनिटं झाल्यावर चिरलेली मिरची आणि टोमॅटो घाला. टोमॅटो एकच आणि लहान. त्याचं काम किंचित आंबटपणा देण्याचं. प्युरी किंवा तीन-चार टोमॅटो पडले की तो वेगळाच पदार्थ होतो.

या टप्प्याला पाणी न वाढवता मांस पूर्ण शिजवलंत तर पातेल्यात जे असेल त्याला हंगेरीत ‘पर्कल्ट’ म्हणतात. दाट, कमी रशाचं, पावाशी किंवा पिठाच्या मऊ गोळ्यांशी खायचं. बाकीचं जग ज्याला गुलाश म्हणतं तो बहुतेक वेळा हाच. त्यात आंबट साय घातली की ‘पाप्रिकाश’, तो बहुधा कोंबडीचा. क्रीमचा गोंधळ इथून सुरू झाला असावा. गुयाशमध्ये क्रीम नाही आणि मैद्याने दाट करणंही नाही.

कुकर लावायचा असेल तर

खुशाल लावा. हंगेरीतही घराघरात प्रेशर कुकर असतो, त्याला ते ‘कुक्ता’ म्हणतात आणि नेनी रोजच्या दिवशी त्यातच करायच्या. फक्त कांदा, पॅप्रिका आणि पहिल्यांदा तेल सुटेपर्यंतचं काम उघड्या कुकरमध्ये करा. मग दोन वाट्या गरम पाणी घालून झाकण लावा. मटणाला पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं, बीफला पस्तीस ते चाळीस. वाफ आपोआप जिरू द्या. भाज्या नंतर, झाकण न लावता. बटाटा मटणाबरोबर कुकरमध्ये घातला तर त्याचा लगदा होतो.

भाज्या आणि पाणी

मांसाला काटा टोचला की तो जरा अडखळून आत जातो, इतपत शिजलं की उरलेलं गरम पाणी ओता. एक ते सव्वा लिटर लागेल. मांसाच्या वर चार बोटं रस्सा राहायला हवा. गाजराच्या जाडसर चकत्या, नवलकोलचे तुकडे, सेलेरी आणि पार्सलीच्या काड्या दोऱ्याने बांधून आत सोडा. दहा मिनिटांनी बटाट्याच्या मोठ्या फोडी. आणखी वीस मिनिटांत सगळं शिजतं. रस्सा हलका खदखदत ठेवा, जोरात उकळू नका. चव घेऊन मीठ बेता. बटाटा मीठ ओढतो, म्हणून आत्ता चाखणं गरजेचं आहे.

चिपेत्के

नखाएवढे पिठाचे तुकडे, ते हे. ‘चिपनी’ म्हणजे चिमटणे, त्यावरून नाव. हे करताना मला माझ्या आजीच्या हातचं वळवट आठवतं. गव्हले, मालत्या आणि विशेषतः नखाने चिमटून केलेले नखुले. पद्धत जवळजवळ तीच, फक्त हे वाळवायचे नाहीत.

अंडं फोडून त्यात चिमूटभर मीठ घाला आणि मावेल तेवढा मैदा मळत जा. पाणी नाही. पुरीच्या पिठाहूनही घट्ट गोळा व्हायला हवा. झाकून वीस मिनिटं ठेवा. हे काम मटण शिजत असताना करून घ्या. मग पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या करा आणि अंगठा व तर्जनीने लहान लहान तुकडे चिमटून ताटात टाका, वरून मैदा भुरभुरा म्हणजे चिकटणार नाहीत. मुलांना बसवा, त्यांना हे आवडतं. वेडेवाकडे झाले तर चांगलंच, खळग्यांत रस्सा साठतो.

बटाटा शिजत आला की चिपेत्के उकळत्या रश्शात सोडा. आठ-दहा मिनिटांत ते फुगून वर येतात. एक खाऊन बघा, मधे कच्चं पीठ लागायला नको. अंडं खात नसाल तर मैदा-पाण्याचं पीठ घट्ट मळून करा. जरा चिवट होतील, पण चालतील.

काड्यांची जुडी काढून टाका. गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. हे चुकवू नका, तवंग वर येतो आणि चवी एकमेकांत मुरतात.

वाढताना

खोल वाडग्यात, चांगलं गरम. सोबत पाव. लादीपाव किंवा बेकरीतला जाड कापलेला साधा ब्रेड, दोन्ही चालतात. भात किंवा चपाती नको, रस्सा पिण्यासाठी आहे. हंगेरीत तिखट वेगळं ठेवतात: गोल लहान तिखट मिरचीच्या चकत्या, नाहीतर ‘एरोश पिश्ता’ नावाची खारवलेल्या मिरचीची पेस्ट. ज्याला जेवढं हवं तेवढं तो आपल्या वाडग्यात घेतो. आपल्याकडे लाल मिरचीचा ठेचा ठेवा, लसणाशिवायचा. कोथिंबीर पेरायचा मोह होतो, तो टाळून पार्सलीची पानं घाला.

चुका आणि त्यांची दुरुस्ती

रस्सा पाणचट वाटला तर बटाट्याच्या तीन-चार फोडी कडेला दाबून कुस्करा आणि झाकण काढून दहा मिनिटं उकळा. मांस चिवट राहिलं असेल तर त्याला आणखी वेळ हवा आहे, आच वाढवून उपयोग नाही. उलट भराभर उकळल्याने ते आणखी आवळतं. भाज्या बाजूला काढा, मांस अर्धा तास मंद शिजवा, भाज्या परत घाला. तिखट झालं असेल तर एक बटाटा आणि वाटीभर गरम पाणी वाढवा. तवंग फार जाड वाटला तर थोडा पळीने काढा, पण सगळा काढू नका, रंग आणि वास त्यातच आहे.

मांसाशिवाय

शाकाहारी घरांसाठीही हंगेरीत सोय आहे. ‘हामिश गुयाश’ म्हणजे खोटा गुयाश, गरिबीच्या दिवसांतला. कांदा आणि पॅप्रिका तशीच, मांसाच्या जागी बटाटा आणि कंदभाज्या जास्त. मला मात्र घेवड्याच्या दाण्यांचा ‘बाबगुयाश’ जास्त भरघोस वाटतो. तिथे त्यात खारवून धुरावलेलं डुकराचं मांस घालतात, ते सोडून द्यायचं. ठिपक्यांचा चित्रा राजमा तिथल्या दाण्यांसारखाच दिसतो. दोन वाट्या राजमा रात्रभर भिजवा, वेगळा मऊ शिजवा. कांदा-पॅप्रिका झाल्यावर शिजवलेलं पाणी आणि राजमा आत घाला, पुढे गाजर, नवलकोल, बटाटा, चिपेत्के वरच्याप्रमाणेच. जिलेटीन नसल्याने रस्सा पातळ राहतो, म्हणून मूठभर राजमा वाटून घाला. तेल एक चमचा जास्त ठेवा, नाहीतर पॅप्रिकाला फुलायला जागा मिळत नाही.

उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस छान टिकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. चिपेत्के मात्र रात्रभर रस्सा पिऊन गिळगिळीत होतात. उरणार हे माहीत असेल तर तेवढा रस्सा आधीच वेगळा काढा आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना ताजे चिमटून घाला. फ्रीजरमध्ये ठेवायचा असेल तर बटाटा न घालता ठेवा, वितळल्यावर बटाट्याचा भुसा होतो.